जाफराबादचे जुने दागिने आणि आमची नोंदवही

जाफराबाद तालुक्यातील आमच्या मूळ गावी रमाई आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले आणि आजीने स्वतःच्या हाताने लिंपलेले मातीचे घर पाडायला घेतले. मागची भिंत पाडताना कोनाड्याशेजारच्या बुजवलेल्या पोकळीतून एक गाठोडे निघाले. इरकली लुगड्याचा फाटका पदर आणि त्याला सात गाठी. आत एक चांदीचा वाळा, कथिलाचे दोन गोठ, काशाची जोडवी, गळ्यातल्या पोतीचे सुटलेले काळे मणी आणि भोक पाडलेले तीन चांदीचे रुपये होते. रुपयांवर चारमिनार. म्हणजे निजामाचा हाली सिक्का.

काका आधी घाबरले. भिंतीतले धन सरकारजमा करावे लागते म्हणाले. गुप्तधनाचा १८७८ चा कायदा आहे खरा. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पण लुगड्याचा काठ पाहताच काकांनीच ओळखले, "हे तर मायचं लुगडं." मालक ठाऊक असलेले गाठोडे गुप्तधन कसले? मग घाबरण्याची जागा हिशेबाने घेतली. कोणी म्हणाले, सराफाकडे घाला, घरकुलाच्या पत्र्याला तेवढाच हातभार लागेल. तालुक्याच्या गावी नेऊन वजन केले. वाळा साडेनऊ भार भरला. कथिलाच्या गोठांना सराफाने हातही लावला नाही. "ह्याचं काय येणार?" म्हणून बाजूला सारले.

आम्ही पेशाने कारकून आणि शिक्षणाने बी. कॉम. वस्तूची किंमत काढण्याचे शिक्षण घेतलेले. तरी त्या दुकानात आम्हाला लाज वाटली. जी आजी हे घालून पाणी भरायला गेली, मोळ्या वाहिल्या, तिच्या अंगावरच्या अर्ध्या वस्तूंना वजनाची किंमत होती आणि अर्ध्यांना तीही नव्हती. गाठोडे पुन्हा बांधले आणि घरी आणले. आमच्या संग्रहाची सुरुवात ही अशी झाली. छंद म्हणून नव्हे, विकायला नेले आणि विकवले नाही म्हणून.

मग आम्हाला नादच लागला. नात्यातल्या, वस्तीतल्या बायाबापड्यांकडे विचारणा सुरू केली. कोणी बुगडी दाखवली, कोणी नुसत्या दांडक्याची मोरणी. एका मावशीने गाठल्यातले दोन मणी काड्यापेटीतून आणून दिले. आधाराला पुण्याच्या दिनकर केळकरांचे उदाहरण होते. 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने दिवे, अडकित्ते, वज्री, फण्या अशा घरगुती वस्तू जन्मभर गोळा केल्या आणि १९७५ साली तो सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. एका माणसाच्या वेडातून एवढे उभे राहते, तर आमच्याकडून लोखंडी कपाटाचा एक खण भरायला काय हरकत होती?

हरकत निघाली ती आमच्याच माणसांतून. १४ एप्रिलला वस्तीतील विहारात आम्ही एक टेबल मांडले. पांढरी चादर, तिच्यावर वस्तू, प्रत्येकीपुढे चिठ्ठी. लोक कौतुकाने पाहत होते. पोरी मोबाईलवर फोटो काढत होत्या. तेवढ्यात आमच्या भागातील एक निवृत्त शिक्षिका आल्या. सारी वस्ती त्यांना बाई म्हणते. त्यांनी चष्मा सारखा केला, कथिलाचे गोठ पाहिले आणि चारचौघांत विचारले, "बाबासाहेबांनी आपल्या बायांना जे काढून फेकायला लावलं, ते तुम्ही त्यांच्याच जयंतीला त्यांच्याच फोटोखाली मांडता?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. टेबल तसेच राहिले, पण आमचे चित्त उडाले.

बाईंचे म्हणणे इतिहासाला धरून होते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला सत्याग्रह परिषद भरली. २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली, हे सर्वांना पाठ आहे. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. तुमची लुगडी नेसण्याची तऱ्हा, गळ्यात भाराभर गळसऱ्या, हातात कोपरापर्यंत कथिलाच्या नाहीतर चांदीच्या पाटल्या, या साऱ्या तुम्ही अस्पृश्य असल्याच्या खुणा आहेत, त्या टाकून द्या, असा त्या बोलण्याचा आशय होता. हजर असलेल्या बायांनी ते ऐकले आणि तिथेच लुगडी पायघोळ नेसली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकाने अशा स्त्रियांचा इतिहास बाईमाणसांच्या तोंडून गोळा केला आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ते मिळवून वाचावे.

आता दुसरी बाजू पाहा. महाडला हे घडले आणि महिनाही उलटला नव्हता. १९२८ च्या जानेवारीत इंदूरकडच्या बलाई समाजाची हकिकत वर्तमानपत्रात आली. कनारिया, बिचोली हाप्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या गावांतील सवर्णांनी बलाईंवर अटी घातल्या होत्या. त्यांत एक अट अशी की, बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, चांगलेचुंगले कपडे घालू नयेत. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या ग्रंथात ही हकिकत मुद्दाम दिली आहे. म्हणजे एकीकडे गाव म्हणतो, दागिना घालाल तर खबरदार. दुसरीकडे बाबासाहेब म्हणतात, हा दागिना काढा. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटेल. पण गाव चांदी काढायला सांगत होता तो खाली ठेवण्यासाठी आणि बाबासाहेब कथील काढायला सांगत होते ते वर उठवण्यासाठी. खरे तर गावाला कथिलाची कधीच अडचण नव्हती. कथील घातलेली बाई लांबूनच ओळखू येई, हीच त्याची सोय होती.

हे आम्ही बाईंना बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, "मला पुस्तक सांगू नका. ज्यांनी घातलं त्यांना जाऊन विचारा. जाफराबादला अजून चार-दोन म्हाताऱ्या आहेत. चला, मीही येते." बाईंचे माहेर जाफराबादचे, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

एका रविवारी आम्ही निघालो. सोबत बाई आणि आमची कॉलेजात जाणारी पुतणी. तिला कॉलेजच्या 'ट्रॅडिशनल डे'साठी आजीचा वाळा हवा होता, हे तिच्या येण्यामागचे खरे कारण. जालन्याहून टेंभुर्णीवरून जाफराबादला जाणे सोयीचे. पण आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून राजूरमार्गे भोकरदनला गेलो. कपाशी, मका, सोयाबीन आणि मधूनच शेडनेटची पांढरी घरे. या पट्ट्यात बियाण्यांसाठी मिरची-टोमॅटो पिकवतात. पुष्कळ बाया तिथे फुलांचे परागीकरण करायला रोजंदारीवर जातात. चिमट्याने एकेक फूल उघडायचे काम. हातात बांगडी असली तर अडते, असे बसमधल्या एका बाईने सांगितले. तिच्या मनगटात नुसते घड्याळ होते.

भोकरदनला उतरण्याचे कारण असे. केळणेच्या काठचे हे गाव म्हणजे जुने भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांचे जे लेख कोरलेले आहेत, त्यांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे. आपल्या तालुक्याशेजारची माणसे दोन हजार वर्षांपूर्वी सांचीला दान देत होती! १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. मणी निघाले, शंखाच्या बांगड्या निघाल्या आणि हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती निघाली. हिच्याशी जुळणारी वीतभर उंचीची मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेई येथे सापडली होती. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गडप झालेले ते शहर. भोकरदनच्या मूर्तीशी असलेले साम्य पाहून, पाँपेईची मूर्तीही आपल्या या भागातून व्यापाराच्या मार्गाने गेली असावी, असे मत अभ्यासकांनी मांडले आहे.

त्या पाँपेईच्या मूर्तीचे चित्र आम्ही पुतणीच्या मोबाईलवर काढून पाहिले. हातात पार कोपराकडे चढत गेलेली बांगड्यांची चळत. पायात वाळ्यांच्या रांगा. कमरेला मेखला. बाई चित्राकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "ही तर आपल्या म्हाताऱ्यांसारखीच मढलेली," एवढेच म्हणाल्या. एके काळी जी श्रीमंतीची आणि सौंदर्याची तऱ्हा होती, तीच कधीतरी गावकुसाबाहेरच्या बाईची खूण होऊन बसली. धातू बदलला आणि अर्थही बदलला. कधी आणि कोणत्या पायरीने, हा अभ्यासाचा विषय आहे. आमच्यासारख्या कारकुनाचा नव्हे.

भोकरदनहून जाफराबाद फार लांब नाही. केळणा तिथेही भेटते. तिला धामणा येऊन मिळते आणि त्या संगमावर हे गाव वसले आहे. जाफरखान नावाच्या मोगल सरदारावरून गावाचे नाव पडले असे सांगतात. जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, जुन्या मशिदी आहेत. १९४८ पर्यंत निजामी अंमल होता. १९८१ साली जालना जिल्हा झाला, तोपर्यंत हा मुलूख औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडे. तालुक्याचे गाव असले तरी बसस्थानकावरून दहा मिनिटांत माणूस शेतात पोचतो.

वस्तीत शिरताच बाईंना माहेरच्या नावाने हाका आल्या. चहा झाला. मग एका अंगणात बाजेवर बसलेल्या आजींसमोर आम्ही आमचे गाठोडे सोडले. आजी ऐंशीच्या पुढच्या. नजर अधू, पण हात शाबूत. त्यांनी वस्तू डोळ्यांनी पाहिल्याच नाहीत. बोटांनी पाहिल्या. "हा वाळा. ह्याचा जोड कुठंय? हे गोठ. कथलाचे. वताऱ्याकडून वतून घ्यायचो. ज्वारी द्यायची अन् घ्यायचे." वतारी म्हणजे ओतारी, धातू ओतून जोडवी-वाळे करणारे कारागीर. सोनाराकडे आमच्या बायांची फेरी क्वचित. ओताऱ्याकडे धान्यावर काम होई.

एकेका वस्तूबरोबर शब्द निघू लागले. येळा, दंडकडी, सरी, एकदाणी, पुतळ्या, बुगडी, बाळी, विरोद्या, मासोळ्या. पुतणीने यांतले दोनच शब्द ऐकलेले. तिच्या गळ्यात तेव्हा बाजारातून घेतलेला 'ऑक्सिडाइज्ड' हार होता. काळपट केलेला, घुंगरांचा. आजींनी तो चाचपला. "हे कशाचं?" पुतणी म्हणाली, "फॅशन आहे आजी." आजींनी वजनाचा अंदाज घेतला आणि हसल्या. "आमचं काळं पडलं तर सासू मारायची, तुमी काळं करून इकत घेता."

मग पुतणीने मनातले विचारले, "आजी, हा वाळा मी घालून बघू?" आजी म्हणाल्या, "घाल की. अन् चाल." साडेनऊ भार म्हणजे एकशे दहा ग्रॅमच्या आसपास. एका पायात एवढा. पोर अंगणात चार पावले चालली आणि लंगडू लागली. घोट्याच्या हाडावर वाळा आपटत होता. आजींनी आपला पाय बाजेखाली सोडला, लुगडे वर घेतले आणि घोट्यावर हात ठेवला. कातडीवर काळानिळा पट्टा होता. वळ म्हणावा तर वळ, घट्टा म्हणावा तर घट्टा. "बहात्तरच्या सालापासून पायात काही नाही. पर हे गेलं नाही."

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. उकिडवे बसले की वाळा हाडात रुते आणि उठताना दगडावर वाजे. सुकडी मिळे, लाल मिलो मिळे, तरी घरात सहा तोंडे. "एका बाजाराला एक वाळा इकला. दुसऱ्या बाजाराला दुसरा. मंग येळा. मंग सरी. ज्वारी आणली. लेकरं जगली." बाबासाहेबांचे सांगणे कधी कळले, असे बाईंनी मुद्दाम विचारले. आजी म्हणाल्या, "जलशात ऐकलं व्हतं. कथील तव्हाच टाकलं. चांदी नाही टाकवली. चांदी म्हंजे बँक व्हती आमची."

आमची पेन्सिल इथे थांबली. बँक! कॉमर्सच्या पुस्तकात ठेव, तारण, तरलता असे शब्द पाठ केले. या आजींनी ते अंगावर घालून काढले होते. शेत नाही, सातबारा नाही, पेढी दारात उभी करत नाही, अशा बाईला आपली शिल्लक ठेवायला घोटा आणि दंड याखेरीज जागा कोणती? हाली सिक्क्याला भोक पाडून गळ्यात घालणे म्हणजेही तेच. १९५९ साली हाली सिक्का चलनातून कायमचा गेला. नोटा ठेवणारे बुडाले असतील, पण आजीच्या गळ्यातली चांदी चांदीच राहिली. आमच्या आजीने तीन रुपये भिंतीत का लिंपले, ते आम्हाला त्या अंगणात उमगले. एक वाळा विकला असावा आणि दुसरा पुढच्या दुष्काळासाठी ठेवला असावा.

जाफराबादला आम्ही चार घरे फिरलो. सगळीकडे एवढी वस्तू नव्हती. एका घरी तर काहीच नव्हते. १९७८ च्या जुलैत विद्यापीठ नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात गावोगाव आपली घरे जळाली. त्या घरच्या आजींचे सासर परभणीकडचे. घर गेले त्यात पेटीही गेली. "चांदी वितळून मातीत गेली का कोणी उचलून नेली, कोण बघायला व्हतं?" आजी एवढे बोलून गप्प झाल्या. आमच्याही तोंडून शब्द फुटला नाही.

आता संग्रह करू इच्छिणाऱ्यांसाठी आमच्या चुकांतून शिकलेले चार शब्द लिहितो. अनेकांनी विचारले आहे.

पहिली चूक आम्ही वाळ्यावर केली. टूथपेस्ट लावून घासला. तो लखलखला, पण कडेची बारीक नक्षी बोथट झाली आणि कारागिराचा ठसा असेलच तर तोही गेला. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूमुळे. तो काळेपणा वस्तूला खात नाही, घासणे खाते. कोरड्या मऊ सुती कापडाने पुसावे आणि धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळावे. रबरबँड लावू नये, त्यातही गंधक असते. लाखेच्या वस्तूला ऊन आणि स्पिरिट दाखवू नये. कथील मऊ असते. शुद्ध कथील वाकवले तर कुरकुर आवाज येतो, पण परीक्षा घ्यायची म्हणून वाकवू नका, आम्ही एक गोठ तसाच चिरवला. पोतीचा दोरा कुजला असला तरी मणी लगेच ओवून घेऊ नयेत. आधी कोणता मणी कुठे होता त्याचा फोटो, मग पटवेकऱ्याकडे जाणे. नाण्यांच्या माळेवरून काळ काढता येतो. राणीछाप आणि राजाछाप रुपया एक तोळ्याचा, जवळजवळ निखळ चांदीचा. १९४० पासून त्यातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ ला ती संपून निकेल आले. म्हणून माळेतले सर्वांत अलीकडचे नाणे पाहावे. माळ त्यानंतरचीच असणार, निदान ओवलेली तरी.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, परवानगीवाचून ती परदेशी पाठवता येत नाही. आमच्याकडे परदेशी पाठवण्याजोगे काही नाही, पण शहरातून जुनी चांदी घेत फिरणारे लोक वस्तीत येतात. म्हाताऱ्या बायांकडून वजनाने घेतात आणि 'अँटिक' म्हणून दसपटीने विकतात. हे पाहून आम्ही एक नियम केला. आम्ही विकत घेत नाही. वस्तू मालकिणीच्या घरीच राहते. आम्ही फोटो घेतो, फूटपट्टी शेजारी ठेवून माप घेतो, सराफाच्या काट्यावर वजन करतो आणि नोंद करतो. स्वखुशीने दिली तर पावती देतो आणि तिने मागितली त्या दिवशी परत. ताळेबंदात हे दागिने आमच्या मालमत्तेच्या बाजूला नाहीत, देण्याच्या बाजूला आहेत. चांदी विहाराच्या कपाटात ठेवण्याची जोखीमही आम्ही घेत नाही. कपाटात आहे ते कथील, कासे, मणी. म्हणजे ज्याला सराफाने हात लावला नाही ते.

नोंदवहीत आधी सात रकाने होते. क्रमांक, वस्तूचे गावातले नाव, धातू, वजन, कोणाची, कधी घातली, कशी मिळाली. जाफराबादच्या त्या अंगणात आठवा पडला. त्याचे असे झाले. आम्ही वही मिटत होतो, तेव्हा बाजेवरच्या आजी म्हणाल्या, "माझं लिव्हलं का?" आम्ही म्हणालो, "आजी, तुमच्याकडे तर वस्तूच नाही." त्या चिडल्या. "नाही कशी? व्हती की!" मग त्यांनी एकेक सांगितली आणि आम्ही लिहिली. वाळे दोन, वीस भार. येळा एक. सरी एक, सासूची. बुगड्या दोन. शेवटच्या रकान्यात आम्ही सरकारी सवयीने लिहिले, 'सन १९७२ मध्ये विक्री. वस्तू उपलब्ध नाही.' आजींनी पुतणीकडून ते दोनदा वाचून घेतले. विक्रीच्या पुढे 'ज्वारी' हा शब्द घालायला लावला. तो घातला.

परतताना बाई गप्पच होत्या. तेव्हा आम्ही त्यांना सरळ विचारले, "बाई, आता सांगा. पुढच्या जयंतीला टेबल मांडू की नको?" त्या म्हणाल्या, "मांडा. पण फोटोखाली नाही, दाराशी मांडा. आत येताना दिसावं. आणि चिठ्ठी मी लिहीन. तुमची अक्षरं फार गोड होती." त्यांचे बरोबर होते. आमच्या चिठ्ठीवर 'पारंपरिक अलंकार' असे लिहिलेले होते. कोणती परंपरा, कोणाची, आणि तो अलंकार होता की बिल्ला, हे त्यात काहीच नव्हते. सगळाच वाद मिटला असे मात्र नाही. आमच्याकडे एकाने देवीच्या कवड्यांची माळ आणून दिली आहे. ती ठेवावी की नाही, यावर बाईंचे आणि आमचे अजून जमलेले नाही. त्या म्हणतात, ते ओझे दागिन्यात मोजू नका. आम्ही म्हणतो, ओझेच तर मोजतो आहोत. माळ सध्या वेगळ्या पिशवीत, बिनक्रमांकाची आहे.

पुतणीने वाळा कॉलेजला नेला नाही. तिने त्या आजींच्या घोट्याचा फोटो मागितला होता. आजींनी काढू दिला, तोंड मात्र येऊ दिले नाही.

बसला वेळ होता म्हणून आम्ही संगमावर गेलो. उन्हाळा. केळणेत पाणी नावाला आणि धामणेत तेही नाही. बाई वाळूत उतरल्या, थोड्या चालल्या आणि एका जागी उभ्या राहून म्हणाल्या, "इथं." नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली. त्यानंतरच्या वर्षी वस्तीतल्या बायांनी घरातले देव या पात्रात सोडले. त्याच दिवशी बाईंच्या आईने हातातल्या कथिलाच्या पाटल्या काढल्या आणि पाण्यात टाकल्या. बाई तेव्हा कडेवर होत्या, त्यांना ते नंतर आईनेच सांगितले. आठ पाटल्या, डाव्या हातात चार, उजव्यात चार. त्यांच्याजवळ चांदी नव्हतीच.

"वही काढा," बाई म्हणाल्या. आम्ही वाळूवर बसून वही गुडघ्यावर घेतली. क्रमांक एकेचाळीस. कथिलाच्या पाटल्या, नग आठ. वजन माहीत नाही. शेवटच्या रकान्यात आम्ही 'विक्री' लिहायला घेतले. बाईंनी हात धरला. "खोडा ते. टाकल्या, असं लिहा."